पट्ट्यांची लाकडी कयाक: सोलापुरात, घरच्या कारखान्यात

सुताराला विचाराल तर तो आधी लाकडाचं सांगेल. मी पॉवरलूमचा जॉबर, म्हणजे माग बसवणारा-दुरुस्त करणारा, त्यामुळे मी आधी कापडाचं सांगतो.

सोलापुरात कयाक, म्हणजे दुहेरी वल्ह्याची लांब अरुंद होडी, बांधायचा विषय काढला की पहिला सल्ला ठरलेला, "सागवानच वापरा, पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकतं." सल्ला खरा आहे, पण दुसऱ्या होडीसाठी. जाड फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेल्या होडीत ताकद लाकडाची असते. पट्ट्यांच्या कयाकमध्ये लाकूड जेमतेम ६ मिलिमीटर जाड. अशा पट्ट्या कडेला कड लावून चिकटवल्या आणि नुसत्या तशाच पाण्यात सोडल्या तर खडकावर एकदा आपटल्या की सांध्यासांध्याने उसवतील. लाकडाची चिवटाई रेषेच्या दिशेने असते, आडवी नसते. म्हणून त्या कवचाला बाहेरून एक आणि आतून एक असं काचेचं कापड इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर कालवले की कडक होणारा चिकट द्राव) भिजवून चिकटवतात. मग भार पेलतं ते कापड. लाकडाकडे काम उरतं ते दोन कापडांना एकमेकांपासून ६ मिलिमीटर लांब धरायचं, आणि अर्थात देखणं दिसायचं. लाकूड म्हणून हलकं बघायचं आणि जीव लावायचा तो कापडात आणि इपॉक्सीत. आपल्याकडे जीव लावणं म्हणजे मुख्यतः उन्हाचं भान ठेवणं. एवढं पटलं की उरलेलं काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. हौशी माणसाला सगळं मिळून २०० ते ३०० तास लागतात असं धरून चाला.

आकार आणि आराखडा

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती करत. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली आणि मध्ये बसायला पोकळी. आपल्या गावात एवढं लांबण लावायची गरज नाही. मागावरचा धोटा डोळ्यांसमोर आणा, काम झालं.

आराखडा मात्र विकत घ्या. मनाने आकार काढलेली होडी तरंगते, पण तुमच्या वजनाला ती पाण्यात किती बुडेल आणि कलली की परत सरळ होईल का, हे डोळ्याने कळत नाही. आराखडा संगणकावरच्या फाइलच्या रूपात मिळतो. तो प्लॉटरवर खऱ्या मापात छापून घ्यायचा. छापून आल्यावर दुकानातच टेप लावा, उभा आणि आडवा दोन्हीकडे. कागदावर ५०० मिलिमीटर लिहिलेली रेघ ४९६ भरली तर छपाईचं माप बदललंय, परत काढून घ्या. लाजू नका.

पहिल्यांदा बांधत असाल तर ४.३ ते ५ मीटर लांबी आणि ५८ ते ६० सेंटिमीटर रुंदी बरी. याहून अरुंद घेतलीत तर वेग मिळेल, पण नवख्याचं बूड स्थिर राहणार नाही. आणि लांबी ठरवताना गाडीचा विचार आधी करा. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एस टेम्पोचा, हौदा सात फुटांच्या आसपास. त्यात पाच मीटरची कयाक निम्म्याहून जास्त बाहेर लोंबेल. टपावर कॅरियर असलेली जीप किंवा लांब हौद्याचा टेम्पो कुणाकडे आहे ते आधी बघा. जागा म्हणाल तर कयाकच्या लांबीपेक्षा पाच-सहा फूट जास्त आणि दोन्ही बाजूंना माणूस वाकून उभा राहील एवढी मोकळीक. पूर्व भागात बंद पडलेल्या मागांचे कारखाने आहेत, तिथे ही जागा आयती मिळते. माग विकले गेले, शेड राहिली, अशी कितीतरी घरं आहेत. आमचंही त्यातलंच.

कामाचं पंचांग

परदेशातली माहिती वाचाल तर शेड गरम कशी ठेवायची यावर पानंच्या पानं सापडतील. ती सोडून द्या. आपली अडचण उलटी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. त्या दिवसांत इपॉक्सी हाताळणं म्हणजे पैसे गटारात ओतणं. पावसाळ्यात हवेत ओल, लाकूड फुगतं, इपॉक्सीवर चिकट थर येतो. म्हणून पावसाळ्यात लाकूड आणून रचून ठेवा आणि फर्मे, म्हणजे होडीच्या आकाराचे साचे, कापा, दसऱ्यानंतर पट्ट्या बसवायला घ्या, काचेचं कापड चढवायचं काम डिसेंबर-जानेवारीत उरका, वार्निश फेब्रुवारीत. एक पथ्य आणखी. काच चढवायला तीन माणसं लागतात, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत सोलापुरात एकही माणूस तुम्हाला मिळणार नाही. संक्रांतीच्या अलीकडचा नाहीतर पलीकडचा आठवडा धरा.

लाकूड

बाहेरच्या देशांत वेस्टर्न रेड सीडर वापरतात, घनमीटरला सुमारे ३७० किलो. आयात केलेलं ते मोठ्या शहरांत मिळतं, पण भाव ऐकून घरी परत यावं लागतं. सागवान साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे पाऊणपट जास्त जड. मी शिवणीचं लाकूड निवडलं. शिवण साडेचारशे ते पाचशेच्या मध्ये बसते, रंधा मऊ लागतो आणि वाळल्यावर फारशी हलत नाही, वाकत नाही. रंग फिका, पिवळट. मध्ये दोन-चार पट्ट्या सागाच्या किंवा तुणीच्या घातल्या की डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या झाकणावर, गडद रेघ येते. ती हौस भागवायला पुरते.

वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. साडेचार-पाच मीटरच्या कयाकच्या अंगात लाकूड जातं फक्त एक घनफुटाच्या आसपास, तरी आणायचं अडीच ते तीन. करवतीचं पातं प्रत्येक कापाला अडीच-तीन मिलिमीटर खातं. सहाच्या पट्टीमागे तीनचा भुसा, म्हणजे तिसरा हिस्सा तिथेच गेला. गाठी आणि चिरा वेगळ्या. फळी निवडताना रेषा सरळ आहेत ना हे कडेने बघा. ओली फळी उचलली की कळते, जड लागते. ती शेडमध्ये सावलीला, दोन फळ्यांत बत्ते (बारीक लाकडी पट्ट्या) घालून, हवा खेळेल अशी रचून ठेवायची. निदान दोन-तीन महिने. ओलं लाकूड इपॉक्सीखाली गेलं तर ते पाणी बाहेर पडायला जागा नाही.

पट्टी ६ मिलिमीटर जाड आणि १८ ते २० मिलिमीटर रुंद. अशा साधारण ७० पट्ट्या लागतात, थोड्या जास्तच पाडा. वखारीतल्या मोठ्या आऱ्यावर पट्ट्या पाडून घेऊ नका, त्यांचा काप जाडाभरडा आणि पट्टी कमी-जास्त येते. टेबल सॉ असलेला सुतार गाठा आणि सगळ्या पट्ट्या एकाच बैठकीत, कुंपण (पट्टीची जाडी ठरवणारी करवतीच्या टेबलावरची आड) न हलवता पाडायला सांगा. तो कंटाळेल. चहा पाजा, पण कुंपण हलवू देऊ नका.

मग कडा. पट्टीची एक कड गोल आणि दुसरी तेवढीच खोलगट करतात, म्हणजे कयाकच्या वळणावर पट्टी फिरली तरी एकीची गोल कड दुसरीच्या खाचेत बसलेली राहते, फट पडत नाही. सुताराला गोला आणि गलता म्हटलं की उमगतं. राउटरला (लाकडात खाच पाडायच्या यंत्राला) ३ मिलिमीटर त्रिज्येची पाती लावून टेबलावर पट्टी सरकवत हे करायचं. राउटर नसेल तर प्रत्येक पट्टीची कड बसवायच्या वेळी छोट्या रंध्याने तिरकी करत जायचं. त्याला वेळ जातो, पण आवाज नाही आणि धूळ नाही. मला स्वतःला ते जास्त आवडतं.

आपल्याकडे पाच मीटर लांब निर्दोष फळी मिळत नाही. आठ-दहा फुटांच्या पट्ट्या जोडायच्या. सांधा तिरका, जाडीच्या आठपट लांब, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ ते ५० मिलिमीटरचा उतार. शेजारच्या पट्टीचा सांधा त्याच जागी येऊ देऊ नका.

तुळई आणि फर्मे

सगळी होडी उभी राहते ती एका सरळ तुळईवर. प्लायवुडची चौकोनी पेटी करा किंवा लोखंडी चौकोनी पाइप आणा. पाइप घेताना गोदामातच एका टोकाला डोळा लावून बघा. पाइप वाकडा, तर होडी वाकडी, आणि नंतर कुठलाच उपाय नाही. तुळई लेव्हलला आणायला मी पाण्याची नळी वापरतो. माग बसवायलाही तीच वापरत आलो. लेसर असेल तर लेसर, नळीला बॅटरी लागत नाही एवढंच.

फर्मा म्हणजे त्या-त्या जागी होडीचा आडवा छेद. १२ मिलिमीटरच्या प्लायवर कागद चिकटवून जिगसॉने रेघेच्या किंचित बाहेर कापा आणि कानशीने रेघेवर या. दर ३० सेंटिमीटरला एक, म्हणजे पाच मीटरला सोळा-सतरा फर्मे. प्रत्येकावर मधली उभी रेघ ठळक आखलेली पाहिजे. फर्मे तुळईवर चढवले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नायलॉनचा दोरा ताणा आणि प्रत्येक फर्म्याची मधली रेघ त्या दोऱ्याखाली आणा. मग एक पट्टी फर्म्यांवरून आडवी वाकवून धरा. ती कुठे फर्म्यापासून सुटते, कुठे उचलते? तिथला फर्मा खोटा. खाली गेला असेल तर कडेला कागदाची पट्टी डकवा, वर आला असेल तर कानस मारा. या टप्प्यावर दोन दिवस जास्त गेले तर जाऊ द्या. शेवटी फर्म्यांच्या कडांना खोक्यांना लावतो ती खाकी चिकटपट्टी लावा, म्हणजे डिंक फर्म्याला धरणार नाही.

पट्ट्या बसवणं

पहिली पट्टी काठाच्या रेषेवर, म्हणजे जिथे तळ आणि डेक भेटतात तिथे. होडी उपडी असते. खाच वरच्या बाजूला ठेवायची, डिंक खाचेत ओतला की तिथेच राहतो. डिंक म्हणजे फेविकॉल मरीन किंवा तसा पाण्याला टिकणारा कुठलाही; पाण्यापासून खरं रक्षण इपॉक्सी करणार आहे, डिंकाने फक्त तोवर धरून ठेवायचं. बाहेर आलेला डिंक लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या डिंकात इपॉक्सी मुरत नाही आणि तिथे कायमचा डाग दिसतो.

एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूला दहा चढवल्या तर पट्ट्यांच्या ताणाने फर्मे त्या बाजूला ओढले जातात. फर्म्याला पट्टी धरून ठेवायला बरेच लोक स्टेपलर वापरतात, १४ मिलिमीटरची पिन. झटपट होतं, पण प्रत्येक फर्म्यावर भोकांची रांग राहते. दुसरा रस्ता सायकलच्या जुन्या ट्यूबचा. ट्यूब लांब कापून रबरी पट्टे करायचे आणि पट्टीवरून ताणून फर्म्याच्या खालच्या भोकात आकडा अडकवायचा. पंक्चरच्या दुकानात ट्यूबा फुकट मिळतात. दिवसाला प्रत्येक बाजूच्या तीन-चार पट्ट्या होतात, वाळायला वेळ द्यावाच लागतो.

टोकांकडे पट्टीला पीळ बसतो. तिथे जबरदस्ती केली की कट्‌ आवाज येतो आणि पट्टी गेली. ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री धरा, लाकूड मऊ होतं, हळूहळू पीळ द्या आणि तसंच बांधून रात्रभर ठेवा. चिकटवणं दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर. तळाच्या मधोमध शेवटी पानाच्या आकाराची मोकळी जागा उरते. तिथे प्रत्येक पट्टीचं टोक मधल्या रेषेवर तिरकं कापून बसवायचं असतं. धारदार पटाशी आणि शांत डोकं. शेवटची पट्टी बसते त्या दिवशी आमच्याकडे हुग्गी (गव्हाची खीर) झाली, तुम्ही काय ते ठरवा.

तळ झाला की होडी न सोडवता उलटी करून त्याच फर्म्यांवर डेक. तळ आणि डेक एकमेकांना आत्ताच चिकटू देऊ नका, दोन्हींत आतून काच चढवायची आहे. काठावर मध्ये चिकटपट्टी ठेवा.

मग रंधा, मग ८० नंबरचा कागद लांब लवचीक फळीला लावून तिरका घासायचा, शेवटी १२०. फिरत्या सँडरने एकाच जागी रेंगाळू नका, खड्डा पडतो. डोळ्यापेक्षा तळहातावर विश्वास ठेवा. डोळे मिटून हात फिरवला की उंचवटा लागतो. फटी राहिल्या असतील तर सँडरच्या पिशवीतली बारीक भुकटी इपॉक्सीत कालवून भरा. मास्क एन-९५ चा. रुमाल बांधून हे काम होत नाही.

काचेचं कापड

आता माझ्या धंद्याचा भाग, त्यामुळे जरा सविस्तर.

फायबरग्लासच्या दुकानात गेलात की ते पहिली पुढे करतील ती मॅट. तुकडे-तुकडे तंतू पसरून दाबलेली, टाक्या आणि दारं करतात ती. ती नको. त्यातला बांधणारा पदार्थ पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट पांढुरकी राहते आणि रेझिन पिऊन जड होते. आणि ते पॉलिस्टर रेझिनही नको. स्वस्त असतं, पण लाकडाला नीट धरत नाही, काही वर्षांत पापुद्रा सुटतो. आपल्याला विणलेलं कापड पाहिजे, साध्या विणीचं, २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम), आणि सोबत लॅमिनेशनचं पातळ इपॉक्सी, सावकाश वाळणाऱ्या हार्डनरचं.

विणलेलं सुद्धा पारखून घ्या. सुताला मागावर चढण्यापूर्वी साइझिंगमध्ये खळ लावतात हे सोलापुरात पोरासोरांना ठाऊक आहे. काचेच्या धाग्यालाही तशीच स्टार्च-तेलाची खळ असते, नाहीतर तो मागावर तुटतो. विणून झाल्यावर कापड भट्टीत तापवून ती खळ जाळतात आणि मग सिलेनचा थर देतात. काच आणि इपॉक्सी एकमेकांना धरतात ते त्या थरामुळे. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा की कापडाला इपॉक्सीला चालणारं फिनिश आहे का. उत्तर गोलमाल आलं तर हातभर तुकडा आणा, फळीच्या तुकड्यावर इपॉक्सीने चिकटवून बघा. काचेसारखं आरपार झालं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी पटाशीने उचकटताना लाकडाचे तंतू सोबत निघाले पाहिजेत.

एकूण २५ मीटर कापड धरा: तळ बाहेरून-आतून, डेक बाहेरून-आतून, वर ठिगळांसाठी. घडी घालून घेऊ नका, दुकानदार हटकून घडी घालतो. घडीची रेघ इपॉक्सीखाली पांढरी दिसते आणि मग ती जन्मभर. रुळावर गुंडाळूनच आणा, आणि कारखान्यात मागाचा जुना बीम (सूत गुंडाळायचा रूळ) पडला असेल तर त्यावरच चढवून ठेवा.

कापड होडीवर अंथरलं की मऊ ब्रशने मधून टोकांकडे सारत जा. ताणा, म्हणजे कापडातले उभे धागे, होडीच्या लांबीत सरळ ठेवायचा. फुगा दिसला तर तिथेच दाबू नका, कडेचं कापड तिरकं, म्हणजे ताण्या-बाण्याच्या कर्णात ओढा. सरळ ओढलेलं कापड हूं की चूं करत नाही; कर्णात ते खुशाल वळतं, होडीच्या पोटावर एक सुरकुती न पडता बसतं. टोकाला मात्र कात्रीने चीर देऊन एकावर एक घ्यावंच लागतं.

इपॉक्सी मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा आणि परत स्वयंपाकघरात नेऊ नका. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, ग्रॅममध्ये. जास्त हार्डनर घातला की लवकर वाळतं हा समज पॉलिस्टरवाल्यांकडून आलाय. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि थर मऊ पडतो. एका वेळी २०० ग्रॅम, पुरेपूर दोन मिनिटं ढवळून, आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतून. खोलगट मगमध्ये ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने तापत जातं, धूर येतो आणि तो मगसुद्धा वितळतो. डब्यावर वापराची जी मिनिटं लिहिलेली असतात ती बहुधा २५ अंशांची असतात. तापमान दहा अंशांनी चढलं की वेळ साधारण निम्मा होतो. त्यामुळे दुपारी बारा वाजता सुरू केलंत तर ब्रश हातात असतानाच खेळ संपतो.

सुरुवात संध्याकाळी चार-पाचला करायची, त्याला दुसरंही कारण आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. लाकडात हवा असते. शेड तापत असताना, म्हणजे सकाळी, काच चढवली तर ती हवा फुगून बाहेर येते आणि वाळत्या इपॉक्सीत बारीक बुडबुड्यांच्या रांगा उठतात. शेड निवत असताना उलट होतं. हवा आकसते आणि इपॉक्सी लाकडात ओढून घेते. डिसेंबरात दिवसाचं तीसच्या आसपासचं तापमान रात्री पंधरा-सोळावर येतं. यासाठी याहून चांगलं हवामान शोधून सापडणार नाही.

मधून सुरू करा. इपॉक्सी ओता, रबरी पट्टीने हलक्या हाताने पसरा, कापड पांढऱ्याचं पारदर्शक होताना दिसतं. पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग जास्तीचं ओढून काढा. पांढरा ठिपका म्हणजे कोरडं राहिलं. चकचकीत ओलं तळं म्हणजे जास्त झालं, कापड लाकडावरून उचलून तरंगतंय. बरोबर झालेल्या जागी वीण स्पष्ट दिसते आणि चमक मंद असते. एक माणूस फक्त मोजणार आणि ढवळणार, दोघं होडीच्या दोन बाजूंना. त्या दोन तासांत कुणी फोन उचलायचा नाही.

विणीचे खड्डे भरायला वर नुसत्या इपॉक्सीचे आणखी दोन हात, पहिला अजून किंचित चिकट असतानाच. मध्ये पूर्ण वाळू दिलंत तर आधी पाण्याने आणि घासणीने धुवा. वर मेणचट थर आलेला असतो, त्यावर दुसरा हात धरत नाही. तळाच्या मधल्या रेषेवर आणि दोन्ही टोकांवर चार बोटं रुंद कापडाची आणखी एक पट्टी द्या. आपले काठ काळ्या फत्तराचे, आणि उजनीत पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात.

हातमोजे नायट्राइलचे, दर थोड्या वेळाने बदलायचे. इपॉक्सी कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की पुन्हा या कामाला हात लावता येत नाही. लागलंच तर साबण-पाणी. थिनरने हात पुसाल तर ते कातडीत आणखी मुरतं.

आतून, आणि दोन्ही भाग जोडणं

फर्म्यांवरून सोडवलं की आतला डिंक खरवडा, घासा आणि तसंच कापड चढवा. आत वीण भरायची गरज नाही, वजनच वाढतं. हे आतलं घासणं म्हणजे सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावा.

जोडताना तळावर डेक ठेवून बाहेरून चिकटपट्टीने आवळा, होडी कुशीवर झोपवा आणि आतल्या काठावर दोन-तीन इंच रुंद काचेची फीत लावा. फीत प्लास्टिकवर आधीच भिजवून गुंडाळी करायची, टोकाकडून उलगडत यायची आणि लांब काठीला बांधलेल्या ब्रशने दाबायची. डोक्याला विजेरी बांधून माणूस छातीपर्यंत आत जातो. एक बाजू वाळली की दुसरी. मग बाहेरून फीत.

बसायच्या पोकळीला उभा काठ लागतो. उरलेल्या पट्ट्यांचे छोटे तुकडे उभे लावून त्याला कापडाचे तीन-चार थर द्या. पुढे-मागे ४ मिलिमीटर प्लायच्या आडभिंती घालून झाकणाचे दोन बंद कप्पे करा. उलटलात तर तेच होडीला तरंगत ठेवतात. आणि प्रत्येक आडभिंतीला दीड-दोन मिलिमीटरचं एक भोक पाडायला विसरू नका. बंद कप्प्यातली हवा उन्हात फुगते. जायला वाट नसेल तर सांध्यावर जोर येतो. एवढ्याशा भोकातून पाणी येतं ते थेंबांनी.

वार्निश आणि ऊन

इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि शेवटी भुगा होतं. अतिनील किरणं अडवणाऱ्या बाहेरच्या कामाच्या पॉलियुरेथेन वार्निशचे चार हात द्या, मध्ये ३२० चा कागद पाण्यात घासून. घरातल्या फर्निचरचं पॉलिश चालणार नाही.

दुसरी गोष्ट वार्निशने सुटत नाही. घरच्या तापमानाला वाळलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. आपल्या उन्हात गडद लाकडाचा पृष्ठभाग एवढा सहज तापतो. तळाला पांढरा रंग दिलात तर बराच फरक पडतो, पण मग मेहनत झाकली जाते. मी लाकूड उघडं ठेवलंय आणि पाण्याबाहेर काढली की तिच्यावर ओली सोलापुरी चादर टाकतो. जुनी चादर घ्या, घरच्यांना विचारून.

वल्हं आणि पाणी

उरलेल्या लाकडातून ग्रीनलँडच्या पद्धतीचं अरुंद पात्याचं दुहेरी वल्हं रंध्याने होतं. त्याचं तिथलं जुनं माप आहे एक वाव (पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी) आणि वर एक हात (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत), ज्याचा त्याने आपल्या अंगाने घ्यायचा.

शहरातला सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव सोडून द्या. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव जवळ आहे, उजनी मोठी. दोन्हीकडे जलसंपदा खात्याच्या तिथल्या कार्यालयात आधी विचारायचं, आणि कोळी बांधवांनाही, त्यांची जाळी कुठे आहेत ते त्यांनाच माहीत. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या वरचा मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी उणे झालं की काठापर्यंत फूटभर गाळ तुडवत जावं लागतं. दिवाळी ते फेब्रुवारी बरं, आणि तेही सकाळी. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर जाऊ नका. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, आणि ती कयाकपेक्षा कितीतरी मोठी होती. लाइफ जॅकेट अंगात, गाडीत नव्हे. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून बाहेर पडायचा सराव करा, सोबत पोहणारा माणूस ठेवून.

घरी आणल्यावर पत्र्याच्या जवळ टांगू नका, तिथेच सगळ्यात जास्त तापतं. भिंतीला दोन ब्रॅकेट ठोकून, रुंद पट्ट्यांवर, कमरेच्या उंचीला ठेवा. कप्प्यांची झाकणं उघडी. जुन्या मागाचा कातडी पट्टा असेल तर तो या कामाला उत्तम. दसऱ्याला बाहेर काढली की वार्निश बघा. कुठे चमक गेली असेल तिथे घासून एक हात मारा, आणि कापड उघडं पडलं असेल तर आधी इपॉक्सी, मग वार्निश.